उमरखेडला गेलेली मेमरी

घाटंजीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते, त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार यायची. कापसाचं सगळंच बिनसलं होतं. रोज पेपरात जिल्ह्याचं नाव असे आणि ते वाचून कुठून कुठून गाड्या येत. कुणी पाहणीला, कुणी अभ्यासाला, कुणी काहीतरी द्यायला. देणारे आधी विचारत, तुम्हाला काय हवं. विचारून झालं की गाडीत जे असेल ते देत. शेजारच्या शाळेला असेच चाळीस रेनकोट मिळाले. ते घालण्याजोगा पाऊस झाला तेव्हा मुलांना ते आखूड झाले होते.

आमच्या वाट्याला कॉम्प्युटर आला. पुण्याच्या एका संस्थेनं दिला. शेतकऱ्याला गावात बसून बाजारभाव कळावेत आणि वाचनालयाच्या पुस्तकांची यादी व्हावी, असे त्याचे दोन हेतू पत्रात लिहिले होते. यंत्र वापरलेलं होतं, पण दिसायला आमच्या वाचनालयातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा रुबाबदार. फक्त ते फार सावकाश चाले. यादीचं पान उघडायला सांगून मी बाहेरच्या रांजणात पाणी भरून येई, पेपर काठीला लावी, दोन वाचकांची पुस्तकं बदलून देई, आणि परत येऊन बघावं तर पान अर्धं उघडलेलं. मराठी अक्षरं आधी चौकोन होऊन यायची आणि मग एकेक करून अक्षर बनायची.

आमच्या समितीत सात जण होते. त्यातले दोघंच बैठकीला येत. एक अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. शुद्ध मराठी बोलत आणि खोटं अजिबात बोलत नसत, त्यामुळे त्यांना कुठल्याही ऑफिसात पाठवायची सोय नव्हती. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरभाऊ. जवळच्याच तांड्यावर त्यांचं घर आणि चार एकर शेत. आयुष्यभर गाडीत उभं राहिल्यामुळे ते बैठकीतही उभेच राहत.

कॉम्प्युटर का कुथतो ते बघायला आम्ही चाचांना बोलावलं. स्टँडसमोर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चाचांनी झाकण काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाले, "मॅडम, इसकी मेमरीच कम है. कितीबी बटन दाबा, काही होत नाई."

सर वाकून बघायला लागले. आत चार खाचा होत्या आणि चारही खाचांत वीतभर लांबीच्या हिरव्या पट्ट्या बसवलेल्या होत्या.

"चार तर आहेत की," सर म्हणाले.

"दोन असली है सर. बाकी दोन नकली."

चाचांनी एक पट्टी उपसून सरांच्या हातात दिली. ती नुसतीच हिरवी पट्टी होती. तिच्यावर काहीच नव्हतं. चाचांनी सांगितलं की या जातीच्या यंत्राला मधे रिकामी जागा चालत नाही. मेमरी नसेल तिथं बिनकामाची पट्टी घालून वाट पुरी करावी लागते. मग त्यांनी ती पट्टी बाहेरच ठेवून बटण दाबलं. यंत्रानं बारीक शिट्टी मारली आणि पडदा काळाच राहिला. पट्टी आत बसवली तसा कॉम्प्युटर सुरू झाला.

सर पुन्हा वाकून त्या पट्टीकडे बघायला लागले. "म्हणजे जो काही करत नाही तो जागेवरून उठला, तर जे काम करतात तेही थांबतात?"

"आपल्या समितीवानीच हाये मंग," कंडक्टरभाऊ म्हणाले. "पाच जण कधीच येत नाईत, पण त्यांची नावं काढली का समिती बरखास्त."

चाचांनी नागपूरला फोन लावला. तिथून कळलं की ही मेमरी आता बनतच नाही. जी शिल्लक आहे ती जपून विकतात, आणि घ्यायची तर जोडीनंच घ्यावी लागते. जी किंमत सांगितली तिच्यात नवा कोरा कॉम्प्युटर आला असता, आणि त्यात मेमरी दुप्पट असती.

"मग नवाच घेऊ," सर म्हणाले. ते बरोबरही होतं. पण मी संस्थेचं पत्र काढून वाचून दाखवलं. दिलेल्या यंत्राची दुरुस्ती करता येईल, ते बदलता येणार नाही, बदलल्यास वाचनालय पुढील मदतीस अपात्र ठरेल. म्हणजे महाग पडणारी गोष्ट करायला परवानगी होती आणि स्वस्तातली करायला नव्हती.

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं : विषय क्रमांक चार, संगणकाची स्मृती वाढवावी किंवा कसे. मी मेमरी लिहिलं होतं. ते त्यांनी खोडायला लावलं. या विषयावर आमच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत कंडक्टरभाऊंनी मूळ निदानावरच हरकत घेतली.

"याद तर हाये त्याले," ते म्हणाले. "पुस्तकाचं नाव बरोबर सांगते ना? फक्त आठवाले येळ लागते. माह्या सासऱ्याचं तसंच हाये. त्याहिले थोडी कोनी नवं डोस्कं बसवून देते."

दुसऱ्या बैठकीत सरांनी विचारलं, की स्मृती वाढल्यावर यंत्राला नकोत त्याही गोष्टी लक्षात राहतील का. तिसऱ्या बैठकीला चाचा बातमी घेऊन आले. त्यांच्या साडूनं कळवलं होतं की उमरखेडला एका फोटो स्टुडिओत याच जातीचा कॉम्प्युटर आहे. चाचांनी तिथं फोनही केला होता.

"मैंने पूछा, वो मेमरी है क्या आपके पास. बोले, है, तुमच्याकडं आहे का? मैं बोला, हाव, है. बोले, मग घेऊन या, जुळती का बघू."

आम्हाला हे फार सरळ वाटलं. माणूस विकायला तयार आहे, आधी नमुना बघतो आहे. आपल्या दोन पट्ट्या न्यायच्या, त्याच्या दोन जुळवून घ्यायच्या आणि चारही घेऊन परत यायचं.

चाचा, कंडक्टरभाऊ आणि मी असे तिघं निघालो. चाचांनी पट्ट्या चकचकीत कागदात गुंडाळून, वरून कापूस लावून एका गोल डब्यात घातल्या. आर्णीला गाडी बदलली. कंडक्टरभाऊ दोन्ही गाड्यांत मागच्या दाराशी उभे होते आणि गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते लोकांना सांगत होते.

स्टुडिओवाले चाळिशीचे, चष्मा लावलेले, फार अगत्यशील गृहस्थ निघाले. आम्ही टेकतो न टेकतो तोच चहा आला. त्यांनी डबा उघडून पट्ट्या उजेडात धरून बघितल्या.

"एकदम चांगल्या आहेत," ते म्हणाले. "मग ताई, काय घेणार?"

"काही नको," मी म्हणाले. "आत्ताच तर चहा झाला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "काहीच नको?"

"खरंच काही नको."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला आमच्या घाटंजीच्या शिष्टाचाराचा अभिमान वाटला. त्यांनी लगेच घरी निरोप पाठवला की घाटंजीचे पाव्हणे जेवायला आहेत. मग आत जाऊन त्यांनी आमच्या पट्ट्या आपल्या टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी, पांढऱ्या रुमालावर ठेवल्या.

जेवण झालं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, वर केळी. हात धुऊन चाचा म्हणाले, "हां भाईसाब, अब आपकी निकालो."

"माझी काय काढू?"

"मेमरी."

"माझी कशाला काढायची? तुमची बसवायची ना माझ्यात?"

मग काय घडलंय ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याकडेही दोनच खऱ्या पट्ट्या होत्या, त्यांनाही आणखी दोनच हव्या होत्या, आणि आम्ही विकायला आलो आहोत अशी त्यांची समजूत होती. काय घेणार, हे त्यांनी किमतीचं विचारलं होतं. मी काही नको म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं की वाचनालयाची माणसं, दान करून राहिली असतील.

जेवून झालेलं असल्यामुळे उठून जाणंही बरं दिसेना. शेवटी मी विचारलं, "तुम्हाला कशाला लागते एवढी मेमरी? लग्नाचे फोटो?"

"लग्नं कुठं राहिली आता तेवढी," ते म्हणाले. "कापूस बरा गेला तर लग्न धरतात. या दोन वर्षांत दुसरंच काम जास्ती येतंय. या, दाखवतो."

त्यांनी कॉम्प्युटर लावला. एका बाईनं राशनकार्डावरचा फोटो आणून दिला होता. घरधन्याचा. तेवढा एकच फोटो होता. तो भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता. पडद्यावर तो चेहरा वरून एकेक रेघ करून उतरायला लागला. टोपी आली, मग कपाळ आलं, भुवया आल्या. डोळ्यांपाशी येऊन यंत्र थांबलं. आम्ही उभेच होतो. बऱ्याच वेळानं अर्धे डोळे आले आणि कॉम्प्युटर बंद पडला.

"रोज इथंच अडकतंय," स्टुडिओवाले म्हणाले. "बाई दोनदा येऊन गेली. पुढं बाकावर बसून राहती. काय सांगू तिला, मेमरी कमी पडती म्हणून?"

चाचांनी टोपी काढून हातात घेतली. मी पुस्तकांच्या यादीविषयी काय बोलणार होते ते विसरून गेले. पण नुसत्या पट्ट्या देऊन टाकणंही माझ्या हातात नव्हतं. त्या संस्थेच्या होत्या आणि त्यांच्यावाचून आमचा कॉम्प्युटर सुरूच झाला नसता.

तोडगा कंडक्टरभाऊंनी काढला. ते दारात उभे होते.

"दोघाहिचे बारमाही कुथत चालण्यापरीस," ते म्हणाले, "एकाचं काही महिने नीट चालू द्या, मंग दुसऱ्याचं. होळीपासून मिरगापर्यंत चारी इकडं. मिरग निघाला का चारी घाटंजीले. दिवाळीनंतर काय करायचं ते पाहू."

"आणि माझं बंद असताना मी काय करू?" स्टुडिओवाल्यांनी विचारलं.

"आता चालू असताना काय करून राह्यले?"

स्टुडिओवाल्यांना ते पटलं. होळी पंधरा दिवसांवर आली होती, म्हणून पट्ट्या तिथंच राहिल्या. चाचांनी त्या बसवल्या. यंत्रातून ज्या दोन नकली पट्ट्या निघाल्या त्या त्यांनी डब्यात घालून मला दिल्या. निघण्यापूर्वी तो चेहरा पुरा उतरलेला आम्ही बघितला. साधा माणूस होता. थोडा बावरलेला, राशनकार्डाच्या फोटोत सगळेच दिसतात तसा.

सरांनी निर्णय इतिवृत्तात घेतला : स्मृती हंगामी स्वरूपात उमरखेड येथे राहील.

दोन वर्षं हे असं चाललं. डबा एसटीनं जायचा आणि यायचा. घाटंजीच्या गाडीचा कंडक्टर आर्णीला तो दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली करी. सगळ्या लाईनवर त्या डब्याला मेमरी म्हणत. स्टँडवर उभं राहिलं की अनोळखी ड्रायव्हर विचारत, "ताई, मेमरी आली का वापस?" वाचकही सवयीनं तेच विचारायला लागले. मी नाही म्हटलं की ते समजून घेत आणि रजिस्टर मागत. होळी ते मृग आमच्या कॉम्प्युटरमध्ये चारही पट्ट्या नकली असत, आणि मी त्याच्यावर रोज फडकं मारी. मृगानंतर मात्र तो खरोखर चालायचा. यादी पुढे सरकायची, आणि सकाळी मी बाजारभावाचा कागद छापून दाराला लावायची. लोक तो वाचत, मान हलवत आणि ज्या व्यापाऱ्याला नेहमी कापूस देत त्यालाच देत. तोही येऊन तो कागद वाचून जाई.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात पुण्याहून संस्थेचा अधिकारी आला. तरुण, नम्र, घामाघूम झालेला. त्यानं कॉम्प्युटर बघायला मागितला. मी फडकं बाजूला केलं. त्यानं बटण दाबलं. शिट्टी वाजली.

"चालू नाही का?" त्यानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत सरांनी उत्तर दिलं. "स्मृती सध्या येथे नाही. उमरखेडला आहे."

"अच्छा," अधिकारी म्हणाला. "ऑपरेटर का?"

"तिच्यावाचून यंत्र चालत नाही, या अर्थी होय."

"कधीपर्यंत येतील त्या?"

"मृग नक्षत्र लागलं की. दर वर्षी लग्नसराईत ती तिकडे असते."

"माहेर असेल," असं म्हणून त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी तिथंच असलेल्या चाचांकडे बघितलं. ते पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त करत असल्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभे होते. अधिकाऱ्यानं विचारलं की त्या नसताना काम अडत असेल. सर म्हणाले, अडतं, पण तिकडेही तिची गरज आहे. तो म्हणाला, हे फार चांगलं आहे, आमच्याकडे इतका समजूतदारपणा बघायला मिळत नाही. पाणी पिऊन तो गेला.

जूनमध्ये संस्थेकडून एक मोठं पाकीट आलं. ग्रामीण भागात संगणक हाताळणाऱ्या महिलांना द्यायचं ते प्रशस्तिपत्र होतं. कुमारी स्मृती, घाटंजी. सोबत पत्र : आडनाव कळवावे, जागा सोडली आहे.

सरांना रात्रंदिवस चैन पडेना. आपण एक अक्षरही खोटं बोललो नाही, हे ते सगळ्यांना सांगत होते, आणि ते खरंच होतं. शेवटी त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. त्यात त्यांनी स्मृती म्हणजे काय, ती किती लांब आणि रुंद असते, ती जोडीनेच का बसवावी लागते आणि ती एसटीने कशी प्रवास करते, हे सगळं क्रमवार मांडलं. मी ते पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं. आपल्या पत्रावरून कुमारी स्मृती यांची उमरखेड येथे बदली झाल्याचे समजले. नवीन ऑपरेटरचे नाव आणि दोन फोटो पाठवावेत.

"आता काय करायचं, बाई?" सरांनी मला विचारलं. एवढी वर्षं सोबत काम केलं, पण त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"माझं नाव लिहा," मी म्हणाले. "चालवते तर मीच."

त्यांनी दोनदा विचार करून लिहिलं, कारण ते खरं होतं.

त्याच सुमारास चाचा यवतमाळला भंगारवाल्याकडे पंख्याची तार घ्यायला गेले होते. तिथं त्यांना आमच्याच जातीचा एक पुराणा कॉम्प्युटर दिसला. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. आत चारही पट्ट्या असली. भंगारवाला सगळं किलोनं देत होता. ज्या वस्तूची किंमत ऐकून आम्ही तीन बैठका घेतल्या, ती दोन वर्षांत कुणालाच नको झाली होती. चाचांनी तारेसोबत त्या पट्ट्या तागडीत टाकल्या. भंगारवाल्यानं पारडं बघितलं आणि म्हणाला, "इसका वजन तो लगताच नाई, ले जाओ."

दोन पट्ट्या आमच्या कॉम्प्युटरला ठेवल्या. बाकीच्या दोन, उमरखेडच्या मूळच्या दोन पट्ट्यांसकट, तिकडे द्यायच्या होत्या. त्या खेपेला डबा कंडक्टरकडे दिला नाही, मी स्वतः गेले. स्टुडिओवाल्यांनी पट्ट्या घेतल्या, पण लगेच बसवल्या नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आता डबा येणार नाही म्हणा."

"नाही," मी म्हणाले.

त्यांच्या घरून केळी आली. बाकावर एक नवरानवरी फोटोसाठी बसले होते, दोघंही एकमेकांपासून हातभर लांब. त्यांचं झाल्यावर मी सांगितलं की मलाही दोन फोटो हवेत, पुण्याला पाठवायचे आहेत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पदर सारखा करायला लावला आणि मागं निळा पडदा सोडला.

"हसू नका ताई," ते कॅमेऱ्यामागून म्हणाले. "सरकारी कामाला हसरा फोटो चालत नाही."

"सरकारी नाही. संस्थेचं आहे."

"मग कशाचा फोटो म्हणून लिहू पाकिटावर?"

"ऑपरेटर," मी म्हणाले. "स्मृतीच्या जागेवर आलेली."

हे म्हणताना मला हसू आवरलं नाही, आणि त्यांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. दुसरा काढतो म्हणाले, पण परतीच्या गाडीची वेळ झाली होती. त्याच एका फोटोच्या दोन प्रती पुण्याला गेल्या. संस्थेनं हरकत घेतली नाही.